सीटीत 'हायपो', एमआरआयमध्ये 'हायपर' : एकाच जागेला दोन शब्द कसे?

आंबेमोहोर :

नमस्कार मंडळी.

आईला (वय ७४) मध्यंतरी चक्कर आली आणि ती पडली. तालुक्याच्या गावी सीटी केला, नंतर शहरात आणून एमआरआय. सीटीच्या रिपोर्टात लिहिलंय, 'पेरिव्हेंट्रिक्युलर व्हाइट मॅटरमध्ये हायपोडेन्सिटीज'. एमआरआयच्या रिपोर्टात त्याच जागेबद्दल 'टी-टू आणि फ्लेअर हायपरइंटेन्सिटीज, फाझेकास ग्रेड २'. झालं, घरात दोन तट. दादा म्हणतो पहिल्या सेंटरने चुकीचं वाचलं. वहिनीचं म्हणणं, आधी हायपो होतं ते आता हायपर झालं, म्हणजे वाढलंच ना! न्यूरोच्या डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडाला धरून पाहिल्या, "वयाप्रमाणे आहे, बीपी सांभाळा" म्हणाले आणि तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला.

उपचाराचा सल्ला मागत नाहीये, ते डॉक्टर बघतायत. मला ही भाषा समजून घ्यायची आहे. इथे रेडिओलॉजीतलं कुणी आहे का?

रात्रपाळी :

आहे. आईंचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे लिहितोय ते फक्त शब्दांबद्दल.

दादा आणि वहिनी, दोघांचाही अंदाज चुकलाय. या दोन ओळींत एकमेकींना खोडणारं काहीच नाही. वयाने आणि बीपीने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड होतात, आजूबाजूच्या व्हाइट मॅटरमधलं (मेंदूच्या आतल्या तंतूंच्या भागातलं) मायलिन, म्हणजे तंतूंवरचं वेष्टन, विरळ होतं आणि तिथे पाण्याचा अंश वाढतो. सीटी म्हणजे शेवटी एक्स-रेच. पाणी वाढलं की तिथे एक्स-रे कमी अडतात, जागा काळपट दिसते, म्हणून हायपोडेन्स. एमआरआयमध्ये एक्स-रेचा संबंधच नाही. तिथे शरीरातल्या हायड्रोजनचा, म्हणजे मुख्यतः पाण्याचा आणि चरबीचा, सिग्नल पकडतात आणि टी-टू नावाच्या प्रकारच्या प्रतिमेत पाणी चमकतं. म्हणून तोच डाग हायपरइंटेन्स.

'डेन्स' आलं की सीटी, 'इंटेन्स' आलं की एमआरआय. सोनोग्राफीत 'हायपोइकोइक' लिहितात, छातीच्या साध्या एक्स-रेत 'ओपॅसिटी', पेट स्कॅनमध्ये 'अपटेक'. शब्दाच्या शेपटीवरून मशीन ओळखता येतं.

आता खरी मेख. हायपो किंवा हायपर म्हटलं की लगेच विचारायचं, कशापेक्षा? सीटीला पक्की मोजपट्टी आहे, तिथे उत्तर आकड्यात मिळतं. एमआरआयमध्ये ते शेजारच्या टिश्यूपेक्षा असतं आणि तेही त्या सीक्वेन्सपुरतं, म्हणजे प्रतिमा घ्यायच्या त्या एका पद्धतीपुरतं. टी-वन, टी-टू, फ्लेअर हे असे सीक्वेन्स. मेंदूभोवतालचं पाणी, म्हणजे सीएसएफ, टी-वनवर काळं, टी-टूवर पांढरं आणि फ्लेअरवर पुन्हा काळं. पाणी तेच, पेशंट तोच, मशीनही तेच. त्यामुळे एमआरआयच्या रिपोर्टात सीक्वेन्सचं नाव न देता नुसतं 'हायपरइंटेन्स' लिहिलं असेल तर ते अर्धंच वाक्य समजा.

फ्लेअरची गंमत अशी की त्यात सीएसएफचा सिग्नल मुद्दाम दाबलेला असतो. तसं केलं नाही तर व्हेंट्रिकलला (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला) चिकटून असलेले डाग शेजारच्या पांढऱ्या पाण्यात हरवतात. म्हणूनच तुमच्या आईंच्या रिपोर्टात फ्लेअरचा वेगळा उल्लेख आहे.

फाझेकास हे माणसाचं नाव. १९८७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एमआरआयवरच्या या डागांना ० ते ३ अशा पायऱ्या दिल्या. डीप व्हाइट मॅटरमध्ये सुटे ठिपके असले की १, एकमेकांना मिळू लागले की २, मोठे पट्टे झाले की ३. त्याच वर्षी हॅचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी सीटीवरच्या काळपटपणाला 'ल्युकोअरायोसिस' हे नाव दिलं. जुन्या डॉक्टरांच्या सीटी रिपोर्टात हा शब्द अजून भेटतो.

फणसपोळी :

वा, इतकं सोपं करून कुणी सांगितलंच नव्हतं. धागा जपून ठेवला.

एक शंका. बाबांना तीन वर्षांपूर्वी ब्रेन हॅमरेज झालं होतं. सीटीत रक्त पांढरं दिसतं असं तेव्हा कानावर आलं होतं. मग एमआरआयमध्ये ते काळं दिसणार का? वरच्या हिशोबाने सगळं उलटंच असतं ना?

काटकोन :

नाही हो, 'सगळं उलटं' असा सरसकट नियम लावाल तर फसाल. हाडाचं बाहेरचं कवच सीटीत पांढरंशुभ्र आणि एमआरआयच्या नेहमीच्या सगळ्या सीक्वेन्समध्ये काळं, हे खरंच उलटं. पण हवा दोन्हीकडे काळी. चरबी सीटीत काळी, टी-वनवर पांढरी आणि आजकालच्या फास्ट टी-टूवरही पांढरीच. रक्ताचं रात्रपाळी सांगतील, तो मोठा अध्याय आहे.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे मोजपट्टीबद्दल चार ओळी. सीटीतल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, हाउन्सफील्ड युनिट. पाणी ०, हवा उणे १०००. चरबी साधारण उणे ५० ते उणे १००, मेंदूचा ग्रे मॅटर ४०च्या आसपास, व्हाइट मॅटर त्याहून थोडं खाली, ताजं साकळलेलं रक्त ५० ते ७०, घट्ट हाड हजाराच्या घरात. हाउन्सफील्ड हे ईएमआय कंपनीतले इंजिनिअर. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात त्यांच्या मशीनवर पहिल्या पेशंटचा मेंदू पाहिला गेला. प्रतिमा होती ८० बाय ८० ठिपक्यांची! सुरुवातीची मोजपट्टी हवेला उणे ५०० अशी होती, ती पुढे दुप्पट करून आजची झाली. १९७९ चं नोबेल त्यांना आणि कॉरमॅक यांना मिळून मिळालं.

पण रात्रपाळींच्या 'पक्की मोजपट्टी'ला माझी थोडी हरकत आहे. पाणी ० वरच राहतं, तशी व्याख्याच आहे. पण हाडाचा किंवा आयोडीनचा (सीटीच्या डायमधलं ते) आकडा ट्यूबच्या केव्हीवर, म्हणजे व्होल्टेजवर, हलतो. १२० केव्हीवर मोजलेलं आयोडीन ८० केव्हीवर बरंच जास्त भरतं. उलट एमआरआयमध्ये सगळंच सापेक्ष असतं असंही नाही. एडीसी मॅपवरचा आकडा खरोखरचा असतो, पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतायत त्याचा.

रात्रपाळी :

काटकोनसर, हरकत मान्य, एडीसीचा मुद्दा तर शंभर टक्के. तरी रोजच्या कामात फरक पडतोच. सीटीत किडनीवरच्या गाठीवर कर्सर ठेवला आणि उणे ८० आलं की चरबी आहे हे मी आकड्यावरून म्हणू शकतो. एमआरआयच्या टी-टू प्रतिमेवर कर्सर ठेवून आलेला ४१२ हा आकडा दुसऱ्या मशीनवर १९० येईल. त्याचा उपयोग शून्य.

फणसपोळी, आता रक्त. सीटीत सोपं आहे. ताजं रक्त पांढरं, दिवस जातील तसं करडं होत मेंदूच्या रंगात मिसळतं (त्याला आयसोडेन्स म्हणतात, आणि इथेच सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली साचलेलं रक्त, नजरेतून निसटतं), मग काळपट. एका दिशेचा प्रवास.

एमआरआयमध्ये हिमोग्लोबिनचं रसायन बदलत जातं आणि त्यातल्या लोहाचं चुंबकत्व त्याबरोबर बदलतं. पहिल्या काही तासांत टी-वनवर आजूबाजूसारखं आणि टी-टूवर पांढरं. पहिल्या एक ते तीन दिवसांत टी-टूवर काळं. आठवडाभरात मेटहिमोग्लोबिन (हिमोग्लोबिनचं बदललेलं रूप) तयार झालं की टी-वनवर पांढरं होतं, टी-टू अजून काळंच. त्यानंतर लाल पेशी फुटल्या की दोन्हीवर पांढरं. महिन्यांनी हिमोसिडेरिन (रक्तातल्या लोहाचा साका) उरतं, त्याची कडा दोन्हीवर काळी, आणि ती वर्षानुवर्षं राहते. म्हणजे 'एमआरआयमध्ये रक्ताचा रंग कोणता' या प्रश्नाला 'कितव्या दिवशी आणि कुठल्या सीक्वेन्सवर' हे जोडल्याशिवाय उत्तर नाही. बाबांच्या त्या जुन्या जागी आज एसडब्ल्यूआय (रक्तातलं लोह टिपणारा सीक्वेन्स) केलं तर काळा डाग बहुधा दिसेल, सीटीत मात्र एक बारीकशी काळपट फट उरली असेल किंवा तीही दिसणार नाही.

रेसिडेंट लोक परीक्षेसाठी हा क्रम पाठ करायला एक इंग्रजी बडबडगीत म्हणतात. मराठीत कुणी केलंय का? काटकोनसर, बघा जमतंय का.

चकलीभाजणी :

रक्त, हाड, चरबी... सकाळी सकाळी चहा घेताना वाचतोय. असो.

मला आठवतो तो कोविडमधला 'एचआरसीटी स्कोर'. "स्कोर किती आला?" "पंचवीसपैकी अकरा." दहावीच्या मार्कांसारखी चौकशी चालायची अख्ख्या सोसायटीत. ते एमआरआयमध्ये का नव्हतं?

कन्सोलकर :

मी टेक्निशियन आहे, सीटी आणि एमआर दोन्ही कन्सोलवर काम केलंय. चकलीभाजणी, फुप्फुसात बहुतेक हवाच. एमआरआयला सिग्नल द्यायला पाणी पाहिजे, ते तिथे कमी. वर श्वासाने हलणारा अवयव. म्हणून फुप्फुसाला सीटीच. एचआर म्हणजे हाय रिझोल्यूशन, एक-दीड मिलिमीटरच्या पातळ स्लाइस, डायशिवाय. फुप्फुसांचे पाच लोब, म्हणजे भाग, प्रत्येकाला पाचपर्यंत गुण, म्हणून पंचवीस. त्याच रिपोर्टात 'को-रॅड्स' असायचं, ते ० ते ६. ते आजार कोविडचा असण्याची शक्यता सांगतं, किती पसरलाय ते नाही. लोक को-रॅड्स ५ वाचून पाचच आले म्हणून निवांत व्हायचे!

'स्लाइस' हा शब्दही तेव्हाच घरोघरी पोचला. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने एचआरसीटीचे दर बांधले ते मशीनच्या स्लाइसवरून : १६ पेक्षा कमी स्लाइसच्या मशीनला २००० रुपये, १६ ते ६४ ला २५००, ६४ च्या वर ३०००. तिथल्या स्लाइसचा अर्थ, ट्यूब एकदा फिरली की एका दमात किती काप मिळतात. त्यामुळे रिपोर्टातली 'स्लाइस थिकनेस' वेगळी, मशीनची 'स्लाइस' वेगळी. एमआरआयवाले मशीनची ओळख टेस्लात (चुंबकाच्या ताकदीच्या एककात) सांगतात, दीड किंवा तीन. काउंटरवर रोज कुणीतरी विचारतं, "तुमचा एमआरआय किती स्लाइसचा?"

आमच्यासाठी सगळ्यात घोळाचा शब्द 'सीक्वेन्स'. एमआरमध्ये सीक्वेन्स म्हणजे पल्स सीक्वेन्स, टी-वन, टी-टू वगैरे. सीमेन्सच्या सीटीवर 'सीक्वेन्स' म्हणजे टेबल थांबत थांबत, एकेक काप घेत पुढे जातं तो मोड, स्पायरलच्या (टेबल न थांबता सरकतं त्या मोडच्या) उलट. नवीन पोरगं एमआरवरून सीटीला आलं की हमखास गोंधळतं. सुरुवातीच्या अंदाजाच्या प्रतिमेला जीईच्या सीटीत स्काउट, सीमेन्समध्ये टोपोग्राम, फिलिप्समध्ये सर्व्ह्यू. एमआरला बहुतेक जण लोकलायझर म्हणतात.

एमआरची नावं तर कंपनीगणिक. यकृताचं तेच डायनॅमिक टी-वन सीमेन्सवर व्हाइब, जीईवर लाव्हा, फिलिप्सवर थ्राइव्ह. फास्ट स्पिन एको जीईत एफएसई, सीमेन्स आणि फिलिप्समध्ये टीएसई. पेशंट दोन सेंटरचे रिपोर्ट शेजारी ठेवून "त्यांनी लाव्हा केलं, तुम्ही का नाही केलं" म्हणून भांडतो, तेव्हा आम्ही कपाळावर हात मारून घ्यायचा.

लीड्सची मावशी :

मी इंग्लंडमध्ये रेडिओग्राफर आहे. इथल्या सीटी रिपोर्टमध्ये 'डेन्सिटी'पेक्षा 'लो अटेन्युएशन', 'हाय अटेन्युएशन' जास्त दिसतं. शास्त्राच्या दृष्टीने ते जास्त बरोबर, कारण मोजतो ते एक्स-रे किती अडले ते, घनता नाही. आयोडीनचं उदाहरण घ्या. रक्तात थोडंसं आयोडीन गेलं की रक्ताची घनता नावापुरतीच बदलते, पण सीटीत ते झगझगीत पांढरं होतं. तुमच्याकडून सेकंड ओपिनियनसाठी आलेल्या रिपोर्टात हायपोडेन्स असेल आणि इथल्यात लो अटेन्युएशन, तर घाबरू नका, एकच आहे.

आणि मंडळी, 'विंडो' राहिला की! तोही दोन्हीकडे आहे, पण नावापुरता.

काटकोन :

मावशी, विंडोचं मी सांगतो. सीटीत चार हजारांच्या आसपास पातळ्या, डोळ्याला त्यातल्या थोड्याच वेगळ्या ओळखता येतात. म्हणून आकड्यांचा एक पट्टा निवडून तेवढाच काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरवतात. मेंदूसाठी रुंदी ८०, मध्य ४०, म्हणजे ० च्या खालचं सगळं काळं आणि ८० च्या वरचं सगळं पांढरं. फुप्फुसासाठी रुंदी १५०० आणि मध्य उणे ६००. लंग विंडो, बोन विंडो ही नावं या ठरलेल्या आकड्यांची आहेत. एकच स्कॅन, पेशंट परत टेबलावर जात नाही.

एमआरआयमधला विंडो म्हणजे जुन्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीची ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची बटणं. नीट दिसेपर्यंत फिरवा. तिथे 'लिव्हर विंडो' असा ठरलेला आकडा असूच शकत नाही, कारण मुळात मोजपट्टीच नाही.

आंबेमोहोर :

सगळ्यांचे आभार. दादाला हा धागा पाठवला, त्याचं उत्तर आलं, "बरं." आमच्याकडे याचा अर्थ पटलं असा होतो.

आता वहिनीचा प्रश्न : एमआरआयच्या वेळी डाय देऊ का असं विचारलं होतं, आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करायला लावलं. सीटीतला डाय आणि हा डाय एकच का? तिला सीटीच्या डायची ॲलर्जी आहे.

रात्रपाळी :

एक नाही. सीटीत आयोडीन, एमआरआयमध्ये गॅडोलिनियम. एकाची ॲलर्जी म्हणजे दुसऱ्याची नव्हे, पण आधीची रिॲक्शन काउंटरवर आणि टेबलावर, दोन्ही ठिकाणी सांगायचीच. क्रिएटिनिन दोन्हीकडे मागतात, कारणं वेगवेगळी. आयोडीनमध्ये किडनीवर ताण येईल का ही काळजी. गॅडोलिनियममध्ये, किडनी फारच कमी चालत असेल तर काही जुन्या प्रकारच्या डायने एनएसएफ नावाचा त्वचा आणि सांधे कडक करणारा आजार झालेला आहे, त्याची.

शब्द मात्र दोन्हीकडे 'एन्हान्समेंट'. गाठ डाय घेते म्हणजे एन्हान्स होते. सीटीत तुम्ही खुद्द आयोडीन पाहता, जितकं जास्त तितकं पांढरं. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम स्वतः दिसत नाही. ते शेजारच्या पाण्याचा टी-वन (चुंबकात परत सावरायला लागणारा वेळ) कमी करतं आणि उजळतं ते पाणी. डाय फार दाट झाला की उलटंही होतं. डाय दिल्यावर थोड्या वेळाने पोटाच्या एमआरआयमध्ये मूत्राशय पाहा : वर काळी लघवी, मध्ये पांढरा थर आणि तळाशी, जिथे डाय सगळ्यात दाट साचलाय, तिथे परत काळं. सीटीत तळ सगळ्यात पांढरा असतो. पहिल्यांदा पाहिल्यावर विद्यार्थी खडा समजतात.

फणसपोळी :

कंबरेच्या एमआरआयमध्ये 'डिस्क डेसिकेशन', 'मोडिक टाइप टू' वगैरे असतं ते काय? आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांकडे आहे.

रात्रपाळी :

चाळिशीनंतर निम्म्या लोकांकडे असणारच. डेसिकेशन म्हणजे डिस्क सुकणं, टी-टूवर तिचा पांढरेपणा जातो. सीटीत हे कळतच नाही, तिथे फारतर उंची कमी झालेली किंवा गॅस दिसेल. हा एमआरआयचाच शब्द.

मोडिक हे १९८८ मधलं वर्गीकरण, डिस्कला लागून असलेल्या मणक्याच्या हाडाचं. टाइप १, टी-वनवर काळं आणि टी-टूवर पांढरं : सूज. टाइप २, दोन्हीवर पांढरं : मॅरोची चरबी झाली. टाइप ३, दोन्हीवर काळं : हाड घट्ट झालं. हा टाइप ३ सीटीत पांढरा दिसतो, स्क्लेरोसिस म्हणून. आंबेमोहोर यांच्या धाग्याच्या शीर्षकाला साजेसं उदाहरण, फक्त बाजू बदलून.

चकलीभाजणी :

आणि प्रत्येक रिपोर्टाच्या शेवटी 'क्लिनिकली कोरिलेट करा'. ते सीटी की एमआरआय?

रात्रपाळी :

ते युनिव्हर्सल. :)

लीड्सची मावशी :

अवांतर, पण सांगायलाच हवं. एमआरआयचे आणखी तीन शब्द आहेत जे सीटीला नाहीत : एमआर सेफ, एमआर कंडिशनल, एमआर अनसेफ. पेसमेकरच्या कार्डावर 'कंडिशनल' असेल तर त्याचा अर्थ 'चालतं' असा नाही, ठरावीक टेस्ला आणि ठरावीक सेटिंग असेल तरच. कार्ड बरोबर न्या. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण नातेवाईक दगावला होता. स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो, हे बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना कुणी सांगत नाही.

उलट रेडिएशनचे शब्द, सीटीडीआय, डीएलपी, मिलिसीव्हर्ट, हे फक्त सीटीचे. एमआरआयच्या रिपोर्टात ते शोधू नका.

फणसपोळी :

रिपोर्टात सीक्वेन्स लिहिला नसेल तर फिल्मवरून ओळखता येतो का? बाबांच्या जुन्या फिल्म कपाटात आहेत.

कन्सोलकर :

येतो. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं असतात. 'केव्ही', 'एमए' आणि 'डब्ल्यू ८० सी ४०' (विंडोची रुंदी आणि मध्य) असं दिसलं तर सीटी. 'टीआर' आणि 'टीई' दिसलं तर एमआर, आकडे मिलिसेकंदात. साध्या स्पिन एकोमध्ये टीआर पाचशेच्या आसपास आणि टीई दहा-वीस असेल तर टी-वन. टीआर काही हजार आणि टीई शंभरच्या आसपास तर टी-टू. खात्री करायची तर व्हेंट्रिकलकडे बघा, टी-टूत ते पांढरे असतात.

फणसपोळी :

टीआर ९०००, टीई ११०, आणि अजून एक आहे, टीआय २५००. व्हेंट्रिकल काळे आहेत.

कन्सोलकर :

फ्लेअर. टीआय दोन हजारांच्या वर म्हणजे पाणी दाबलंय. तोच टीआय दीडशेच्या आसपास असता तर स्टर, त्यात चरबी दाबतात. ते गुडघ्याच्या आणि मणक्याच्या फिल्मवर भेटेल.